किन, सर?

"सुट्टीत काय करणार?" या प्रश्नाला आमच्या होस्टेलमध्ये दोनच उत्तरं असतात. घरी जाऊन झोपणार, नाहीतर इथेच झोपणार! २०१८ च्या मे महिन्यात माझ्या नेपाळी रूममेटने तिसरं उत्तर दिलं. त्याच्या गावच्या शाळेतले गणिताचे सर महिनाभर ट्रेनिंगला चालले होते. "येतोस शिकवायला?" मी लगेच हो म्हणालो. डिसेंबरच्या परीक्षेत माझा एम-थ्री राहिला होता, हे त्याने शाळेला सांगितलं नाही. मीही नाही!

पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, पुढे सुनौलीची सीमा आणि मग बसने गोरखा. आपल्याला व्हिसा लागत नाही, फक्त घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. वर्ष मात्र एकदम सत्तावन्नने पुढे, फळ्यावर साल २०७५! लिपी देवनागरीच, त्यामुळे पाट्या धडाधड वाचता यायच्या. अर्थ लागेलच असं नाही. भाताला मात्र भातच म्हणतात, आणि तो दोन्ही वेळा असतो.

शाळा डोंगरावर, पत्र्याच्या शेडमध्ये. जोराचा पाऊस आला की शिकवणं बंद, कारण काही ऐकूच येत नाही. तिथे सुट्टी शनिवारची. रविवारी शाळा म्हटल्यावर मी जरा कुरकुरलो. हेडसर शांतपणे म्हणाले, "२५ एप्रिल २०१५ ला शनिवार होता. दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. आमची दगडमातीची शाळा खाली बसली. आत कोणी नव्हतं." त्या भूकंपात नेपाळमध्ये जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. मी पुन्हा रविवारचं नाव काढलं नाही.

माझ्याकडे सहावीचा वर्ग होता. हिंदीत चार-दोन नेपाळी शब्द घालून माझं शिकवणं चालायचं. चौथ्या दिवशी मी ऐटीत सांगितलं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन. पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "किन, सर?"

किन म्हणजे का.

"नियम आहे," मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'नियम'.

रात्री काही झोप येईना. मीसुद्धा सहावीत तो असाच लिहून घेतला होता. मग दहावी, बारावी, सीईटी, एम-वन, एम-टू... कुठेच 'किन' विचारलं नाही. एम-थ्रीला गाडी अडली तेव्हा 'पेपर टफ होता' म्हणून मोकळा झालो.

उत्तर दोन दिवसांनी किराणा दुकानात सापडलं. उधारीच्या वहीत माझ्या नावावर नूडल्सचे वीस-वीस रुपये तीनदा लिहिले होते. मी पैसे काढले, तर दुकानदाराने तिन्ही ओळी खोडल्या. मुलांना शिकवतोस, राहू दे म्हणाला. बाहेर पडलो आणि मध्येच थांबलो. वीसचं ऋण, तीनदा काढून टाकलं, म्हणजे माझे साठ रुपये वाचले. धन साठ!

दुसऱ्या दिवशी धावतच वर्गात गेलो आणि ती वही फळ्यावर काढून दाखवली. मुलांना पटलं. पण तिचा हात परत वर. "मग दुकानदाराचे साठ गेले ना?" मी म्हटलं, गेले. ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि खाली लिहून आली, धन वीस, तीनदा काढले, ऋण साठ. पुढचा नियम मला शिकवावाच लागला नाही.

तीन आठवडे संपले. निघताना मी हेडसरांना एम-थ्रीबद्दल खरं सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, "आमचे सर आल्यावर हा धडा परत घेतीलच. पण आता पोरं त्यांना किन विचारणार. ते तुमच्यावर रागावतील!"

मेमध्ये पुन्हा दिलेला एम-थ्री कसाबसा निघाला. थर्ड इयरच्या पहिल्याच आठवड्यात सर फळ्यावर भराभर स्टेप्स उतरवत होते. चौथी स्टेप कुठून आली ते मला कळलं नाही. आजूबाजूला सगळे मुकाट्याने लिहून घेत होते. मी हात वर केला.

"सर, ही स्टेप का?"

मागून कोणीतरी हसलं. सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डस्टर उचलला.

"बस. पहिल्यापासून सांगतो."