पालथे धंदे

फिजिओथेरपिस्टबाईंनी मला दिलेला पहिला व्यायाम असा होता : पालथं झोपायचं. मी झोपलो. पुढची सूचना येईल म्हणून थांबलो. ती आलीच नाही. शेवटी मान वळवून विचारलं, "आता?"

"आता काही नाही, काका. पडून राहा दोन-तीन मिनिटं."

मी सेहेचाळीस वर्षांचा. मुलगी पंचविशीतली असेल. तो 'काका' मला त्या दिवशी कंबरेपेक्षा जास्त लागला, पण ते असो. मी ट्रॅक पँट घालून, गळ्यात नॅपकिन टाकून, घाम गाळायच्या तयारीनं गेलो होतो. लहानपणी माणदेशातल्या आमच्या गावच्या तालमीत जात असे. तिथले वस्ताद पाय लटलट कापायला लागेपर्यंत बैठका थांबवू देत नसत. दम लागला तर तो व्यायाम, एवढंच मला ठाऊक. इथे पैसे भरून पालथं पडायचं होतं, आणि घरी गेल्यावर पुन्हा तेच करायचं होतं, दर दोन-अडीच तासांनी.

घरी अण्णांनी मला हॉलमध्ये सतरंजीवर पालथा पडलेला पाहिला आणि विचारलं, "हे कसले पालथे धंदे?" अण्णांचं वय अठ्ठ्याऐंशी. त्यांची शाळा औंध संस्थानातली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्काराचा असा ध्यास होता की स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतून सगळ्या पोरांकडून घालून घ्यायचे. १९३८ साली त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. त्या पोरांतले आमचे अण्णा. अलीकडेपर्यंत पहाटे उठून नमस्कार घालणाऱ्या माणसाला माझं दुखणं म्हणजे आळसाचा आजार वाटत होता.

दुखणं सुरू झालं तेही विचित्रच. आदल्या दिवशी गॅसचा भरलेला सिलिंडर आत घेतला होता. आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन, म्हणजे तीसेक किलोचा ऐवज. तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर चूळ भरायला वाकलो आणि कंबरेत कळ आली. संध्याकाळपर्यंत ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरली होती. पोटरीत मुंग्या, अंगठा बधिर. शिंक आली तरी भिंत धरावी लागे.

डॉक्टरांनी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर ओढायला सांगून स्वतः खाली दाबला. लघवीला काही त्रास? दोन मांड्यांच्या मध्ये, सायकलचं सीट टेकतं तिथे, बधिरपणा? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. तसं काही कधी जाणवलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट हॉस्पिटल गाठायचं, एवढं मात्र त्यांनी दोनदा बजावलं. माझं ऑपरेशनचं दुखणं नव्हतं. गोळ्या, चालणं, फिजिओ.

एमआरआयचा रिपोर्ट हाती आला तेव्हा मात्र मी खचलो. 'डिस्क बल्ज', 'डीजनरेशन', 'नर्व्ह रूट'. नातेवाइकांनी या सगळ्याचं एकाच शब्दात भाषांतर केलं : गॅप. "याच्या मणक्यात गॅप आलाय." आत्यानं सुचवलं, पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घे. पुण्याच्या सोसायटीत पायाळू माणूस शोधायचा कुठे? शिवाय हल्ली बाळ पायाकडून असलं की बहुतेक वेळा सिझरच करतात. तसा जन्मलेला पायाळू धरायचा की नाही, यावर आत्याकडेही उत्तर नव्हतं. मामा म्हणाले, महिनाभर फळीवर पाठ टेकून पड. शेजारच्यांनी स्वतःचा पट्टा आणून दिला. प्रत्येकाच्या कंबरेला गुण आला होता आणि प्रत्येकाला वेगळ्या गोष्टीनं.

रिपोर्टाची भीती घालवली ती फिजिओबाईंनीच. २०१५ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली आहे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या कण्याची चित्रं तीत एकत्र तपासली होती. चाळिशीतल्या निम्म्या लोकांची मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली निघाली आणि शंभरातल्या अडुसष्ट जणांची झिजलेली. ते सगळे हिंडत-फिरत होते. "केस पिकल्याचा कुणी रिपोर्ट काढत नाही ना काका," त्या म्हणाल्या. आणि झोपून राहण्याबद्दल १९८६ मध्येच अमेरिकेत पाहून झालंय : पाठदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस निम्म्याच्या आसपास कमी बुडाले. मामांना हे कळवलं. त्यांनी फोन ठेवला.

पालथं पडायचं शास्त्र फिजिओबाईंनी नंतर सांगितलं, आणि त्याचा उगम ऐकून मला जरा बरं वाटलं. न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ मध्ये त्यांच्याकडे पायात कळ येणारा एक रुग्ण आला. त्याला आतल्या टेबलावर पालथं पडायला सांगून ते दुसऱ्या कामात अडकले. टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या रुग्णासाठी वर उचललेला होता, तो तसाच राहिला होता. हा बिचारा कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत तसाच पडून राहिला. मॅकेन्झी परत आले तेव्हा घाबरलेच. पण रुग्ण म्हणाला, पायातली कळ गेली. तिथून त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट तपासली : कुठल्या बाजूला वाकलं की कळ कुठे सरकते.

मला सगळ्यात न पचलेली गोष्ट हीच. पालथं पडणं झालं, मग कोपरांवर, मग तळहात टेकून छाती उचलायची आणि ओटीपोट जमिनीलाच ठेवायचं. भुजंगासनासारखं दिसतं, पण पाठीनं काही करायचं नाही, काम हातांनी. असं दहादा. हे करताना माझी पोटरी मोकळी झाली आणि कंबर जास्त दुखायला लागली. मी घाबरून उठलो. बाई खूश!

"पोटरीतलं वर सरकलं ना? मस्त. कंबर दुखू दे."

दुखणं वाढलं तरी चालेल, फक्त ते पायाकडून कण्याकडे आलं पाहिजे. उलट कंबर बरी वाटली आणि कळ अंगठ्यात उतरली, तर तो व्यायाम तिथल्या तिथे बंद. दुखतंय की नाही असं विचारायचंच नाही. कुठवर दुखतंय ते विचारायचं. बँकेत मी दर दोन तासांनी उभा राहून, दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागे वाकायला लागलो. काउंटरपलीकडच्या लोकांना वाटे, साहेब वैतागलेत. कामं जरा लवकर आटपायची, हे खरं.

आता पटलं म्हणावं, तर फिजिओबाईंकडे शेजारच्या खाटेवर आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा. त्यांच्याही पायात कळ, त्यांचीही कंबर. त्यांना मात्र बाई सांगत होत्या, "गुडघे पोटाशी घ्या. मागे अजिबात वाकायचं नाही." त्यांच्या कण्यातली नळी वयानं अरुंद झालेली, पुढे वाकलं की तिला जागा मिळते आणि मागे वाकलं की आवळली जाते. म्हणून ते बाजारात ट्रॉलीवर रेलून आरामात फिरतात आणि रिकाम्या हातानं चार पावलं गेलं की थांबतात. एकाच खोलीत, एकाच भिंतीलगत, आम्हा दोघांना बरोब्बर उलटे व्यायाम. दोघंही एकमेकांकडे संशयानं पाहत होतो.

आमच्या आत्या-मामांचे सल्ले एकमेकांना का छेदत होते, ते मला त्या खाटेवर उमगलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या कंबरा वेगळ्या होत्या.

पण अण्णांचं काय करायचं? त्यांचा नमस्कार दहा अंकांचा. हात जोडून उभं राहिलं की लगेच गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला. आणि वेळ उगवतीची. फिजिओबाईंनी माझ्यासाठी नेमकी तीच वेळ आणि नेमकं तेच वाकणं बंद केलं होतं. मणक्यांमधली गादी रात्री आडवं पडल्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पाणी पिऊन टम्म होते. म्हणून माणूस सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो आणि दिवसभरात पुन्हा बसतो. टम्म गादीवर पुढे वाकण्याचा ताण जास्त येतो. तेव्हा उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही. बेसिनवरची ती सकाळ मला तेव्हा समजली. त्या पहिल्या तासात मोजे घालणं, पेपर उचलणं, चूळ भरणं या सगळ्याला किती वाकावं लागतं, हे न वाकता राहून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पेपर बायको उचलून द्यायची. "अहो, घ्या," यातला 'अहो' दिवसेंदिवस लांबत गेला.

अण्णांचं म्हणणं, त्यांनी साठ-सत्तर वर्षं पहाटेच वाकून दाखवलंय. तेही खरंच. लहानपणापासून रोज वाकलेली कंबर आणि वीस वर्षं खुर्चीत बसलेली कंबर यांना एकच नियम लागू होईल असं मला वाटत नाही. पण हे त्यांना सांगायचं धाडस मी केलं नाही.

पोटरी मोकळी झाल्यावर खरा व्यायाम सुरू होईल अशी माझी आशा होती. तर बाईंनी तीन प्रकार दिले आणि तिन्हींत हलायचं नव्हतं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर ताण कमी आणि स्नायूंना काम भरपूर, असे हे तीन निवडलेत. पहिला : उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, तळहात कंबरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीवरून जेमतेम सुटतील एवढेच उचलायचे. दुसरा : कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर अंग तोलून धरायचं. तिसरा : रांगायच्या अवस्थेत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, मग उलट, याला बर्ड-डॉग म्हणतात. दहा सेकंदांहून जास्त धरायचं नाही. पहिल्या फेरीत जास्त वेळा, मग कमी, मग आणखी कमी, म्हणजे दमून आकार बिघडत नाही.

दहा सेकंद! तालमीत आम्ही दहा सेकंदांना शिंकही म्हटलं नसतं. पण कुशीवरच्या प्रकारात सातव्या सेकंदाला माझ्या बरगड्यांखालचा कुठलासा स्नायू असा थरथरला की तो तिथे आहे हेच मला नवीन होतं. बर्ड-डॉगला मुलानं माझ्या कंबरेवर पाण्यानं भरलेली स्टीलची वाटी ठेवली. पाय मागे नेताना कंबर एका बाजूला कलते, आणि ते स्वतःला कळत नाही. वाटीला कळतं. कित्येक संध्याकाळी सतरंजी भिजली.

मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेत डुकरांचे मणके हजारो वेळा वाकवून गादी कशी फाटते ते पाहिलं गेलं, असं वाचलं तेव्हा मी पुन्हा घाबरलो. फिजिओबाई शांत होत्या. "ते डुक्कर मेलेलं होतं, काका. तुम्ही रात्री झोपता, जेवता. तुमचं भरून येतं." गादीचा बाहेर आलेला तुकडा बऱ्याच जणांत शरीर आपणच हळूहळू जिरवतं, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यानंतरचे व्यायाम ओळखीचे निघाले, पण आक्रसलेल्या रूपात. बैठका खुर्चीवर : टेकायचं, उठायचं. त्याआधी काठी पाठीला लावून कमरेच्या खुब्यातून वाकायला शिकायचं. काठी डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. काठी अण्णांची. ती मी व्यायामाला नेली की ते खुर्चीत अडकून पडायचे आणि तिथून सूचना द्यायचे. जोर भिंतीवर, मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, मग दिवाणाच्या कडेवर, मग जमिनीवर. जमिनीवर पहिल्यांदा उतरलो तेव्हा एक गंमत झाली. बाईंनी सांगितलं होतं, अंग फळीसारखं सरळ. मी खाली गेलो आणि वर येताना कंबर आपोआप खाली झोकली, छाती पुढे सुळकन निघाली. तालमीतला जोर! तीस वर्षं मी तो मारला नव्हता, आणि हातापायांनी मला न विचारता मारला. पोटरीत काही उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना करून दाखवला. त्या जरा वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "हा तर पहिल्या दिवसाचाच व्यायाम आहे, फक्त जोरात. ठेवा. पण थोडेच."

मी वस्तादांच्या वतीनं खूश झालो.

एवढ्यात बाईंनी नवीन सांगितलं : आता पुढे वाकायचं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हीच इतके दिवस..." त्या म्हणाल्या, तेव्हा नको होतं, आता हवंय, कायम वाकायला घाबरलेली कंबर आखडते. खुर्चीत बसायचं, पाय फाकवून हात खाली सोडायचे, हळूहळू मणका मणका करत वाकायचं आणि वर यायचं. लगेच नंतर मागे वाकून घ्यायचं. सकाळी नाही. पोटरीकडे लक्ष ठेवायचं.

सध्या संध्याकाळी बँकेतून आल्यावर करतो. बोटं घोट्यापर्यंत जातात. कळ पायात उतरत नाही, पण उतरेल या भीतीनं मी श्वास धरून ठेवतो आणि तो सोडायची आठवण बायको करून देते. अण्णा समोर बसून पाहतात. काल म्हणाले, "हा आमच्या दुसऱ्या अंकाचा अर्धा झाला. उभ्यानं कधी करतोस?" शुक्रवारी फिजिओबाईंकडे जायचंय. अण्णांनी त्यांना विचारायला मला तीन प्रश्न लिहून दिलेत, आणि तिसरा पहाटेबद्दल आहे.