विचारून खावं

मार्सेलिस म्हटलं की मराठी माणसाला १९१० सालची सावरकरांची उडी आठवते. आमच्या घरात हे नाव आजोबांमुळे आलं. ते रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. बोट मार्सेलिसला लागली की ते शहर हिंडून यायचे, पण जेवायला बोटीवरच परतायचे. ‘तिथल्या हॉटेलात काय घालतात कोण जाणे,’ एवढंच कारण. गेल्या वर्षी अम्मी-अब्बांना घेऊन मी फ्रान्समधल्या या शहरात चार दिवस राहिले. अम्मीच्या बॅगेत चटण्या, खाकरे आणि शेंगदाणे भरलेले होते. कारण तेच.

आम्ही कळव्याचे. पुढचं स्टेशन मुंब्रा. तिथं खाताना ‘हलाल आहे का’ असं विचारायची वेळच येत नाही, त्यामुळे विचारायची सवयही लागत नाही. परदेशात मग दोनच वाटा दिसतात: अर्धपोटी राहायचं, नाहीतर डोळे मिटून खायचं. फ्रान्समध्ये नुसतं ‘मटण-चिकन नको’ म्हणूनही भागत नाही. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, माशाच्या रश्श्यात वाइन असू शकते, गोड पदार्थात रम किंवा जिलेटिन.

मार्सेलिसच्या जुन्या बंदरावर सकाळी मच्छीमार ताजी मासळी विकायला बसतात. अम्मी तिथं अशी रमली की जणू गावच्या बाजारात आली आहे. आम्ही कोकणी शाफई, समुद्रातलं आम्हाला चालतं. तेव्हा दुपारी मासेच खायचे ठरले. तिथला नावाजलेला पदार्थ बुयाबेस. मुळात हे गरीब मच्छीमारांचं कालवण, न विकल्या गेलेल्या काटेरी माशांचं. आज त्यात केशर पडतं आणि किंमत ऐकून घाम फुटतो. १९८० साली तिथल्या काही हॉटेलवाल्यांनी अस्सल बुयाबेस कसं असावं, याची लेखी सनदच केली.

मी आधी ‘बोंजूर’ म्हटलं. तिथं नमस्काराशिवाय बोलायला सुरुवात करणं उद्धटपणाचं मानतात. मग विचारलं, यात वाइन आहे का? वेटर आत जाऊन विचारून आला. हो, रश्श्यात थोडी पांढरी वाइन असते. तुम्हाला चालत नसेल तर ऑलिव्ह तेल आणि लिंबू लावून भाजलेला मासा देतो. कपाळावर आठी नाही, आवाजात तुसडेपणा नाही.

त्याला अशा प्रश्नांची सवय असणार. ॲलर्जी होऊ शकते असे १४ घटक पदार्थात आहेत का, हे गिऱ्हाइकाला सांगणं युरोपात डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांवर बंधनकारक आहे. पण त्या चौदांत डुकराचं मांसही नाही आणि दारूही नाही. ते आपणच विचारायचं असतं. ‘साँ पोर, साँ आल्कोल’, म्हणजे डुकराचं मांस नको, दारू नको, एवढे शब्द पुरतात.

मासा आला. बिस्मिल्लाह करून पहिला घास घेतल्यावर अम्मी हळूच म्हणाली, ‘त्याला राग नाही आला?’ मग थोड्या वेळाने, ‘काकूही असंच विचारत असतील.’

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या. ईदला शीरखुर्म्याची वाटी घेताना त्या दरवर्षी विचारतात, ‘भांडं वेगळं आहे ना?’ अम्मी हो म्हणते, पण दार लावल्यावर तिचा चेहरा उतरतो. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही विश्वास नाही?

अब्बांना मात्र सगळे प्रश्न सारखे वाटत नव्हते. भाड्याचं घर शोधताना ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न त्यांनीही ऐकलेला आहे, आणि त्याचा अर्थ ‘तुम्ही इथं नको’ एवढाच होता. ते म्हणाले, ‘काकू विचारतात, पण वाटी घेतात.’ मला हे पटलं. प्रश्न दार उघडण्यासाठी आहे की लावून घेण्यासाठी, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. आपल्या पानात काय यावं याबद्दल जो काटेकोर आहे, त्याला दुसऱ्याचा काटेकोरपणाही समजायला हवा.

पुढचे दिवस सोपे गेले. नोआय भागातल्या बाजारात अल्जीरिया-ट्युनिशियाकडच्या लोकांची दुकानं आहेत, हलालच्या पाट्या आहेत. तिथं कुसकुस खाल्लं: वाफवलेला रव्यासारखा दाणा, त्यावर भाज्या, मांस आणि रस्सा. २०२० साली युनेस्कोने या पदार्थाची परंपरा मानवजातीच्या वारशात नोंदवली. दोन गोष्टी लक्षात ठेवा. साधं पाणी मागितलं तर फुकट मिळतं. बाटलीचे मात्र पैसे पडतात. आणि दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं.

अम्मीला सगळ्यात आवडली ती पानीस. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवायचं, थापून थंड करायचं, काप करून तळायचे. आपली पाटवडीच म्हणा, फक्त तिखट-मीठ बेताचं. तळणाऱ्या बाईला अम्मीने खुणेनेच विचारलं, याच तेलात आणखी काय तळता? तिने हसून मान हलवली आणि सगळी कढई दाखवली.

कळव्याला परतल्यावर अम्मीने घरी पानीस केली आणि काकूंना बशीभर दिली. काकूंनी विचारलंच, ‘यात काय काय आहे?’ अम्मी दारातच अर्धा तास सांगत उभी होती.