मिठाच्या देशाचं गाणं

उरणकडच्या मिठागरांच्या काठावर वाढत असताना गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी एका देशाचा नकाशा काढायचे. डोंगर नाहीत, झाडं नाहीत, नजर जाईल तिथवर खारी जमीन. नद्यांना नावं दिली, राजधानी ठरवली, आणि मग प्रश्न पडला: इथली माणसं गात काय असतील?

उत्तराची सुरुवात आमच्या आगरी लग्नांत होती. तिथे धवलारीण धवले गात विधी पुढे नेते. ती थांबली की मांडवात सगळेच थांबतात. गाणं हे काम असतं, त्याच्यावाचून पुढचं पाऊल पडत नाही, हे मला तिच्याकडे बघून कळलं. माझ्या देशात मग एक कायदा झाला. वाफ्यात मिठाचा पहिला थर धरला की एका म्हातारीने गायचं, त्याआधी कुणी मीठ ओढायची फळी लावायची नाही.

कॉलेजात टॉल्किन वाचला. ‘द सिल्मरिलियन’मध्ये जग गाण्यातूनच जन्माला येतं. डोनाल्ड स्वानने त्याच्या कवितांना चाली दिल्या, तेव्हा एल्फ लोकांच्या एका निरोपगीताची चाल खुद्द टॉल्किननेच सुचवली, चर्चमधल्या जुन्या ग्रेगोरियन पठणाच्या वळणाची. १९६७ साली ती स्वरलिपीसह छापून आली. प्राध्यापक माणूस, भाषा रचणारा. पण आपली माणसं कशी गातात हे त्याच्या कानात पक्कं होतं.

आणि मग हॉवर्ड शोअर. टॉल्किनच्या कादंबरीवर २००१ ते २००३ या काळात आलेल्या तिन्ही चित्रपटांचं त्याचं संगीत मी अजूनही ऐकते. रोहानच्या घोडेस्वारांना त्याने नॉर्वेचं हार्डांगर फिडल दिलं. त्यात वाजवायच्या तारांखाली अनुनादाच्या तारा असतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. आयझेनगार्डच्या कारखान्याला पाच मात्रांचा ठोका आणि लोखंडाचा आवाज. चारच्या चालीला सरावलेला पाय त्या पाचव्या मात्रेवर अडखळतो, आणि तिथलं यंत्र माणसासाठी नाही हे अंगाला कळतं. मोरियाच्या खाणीत बुटक्यांच्या भाषेतले शब्द गायला न्यूझीलंडमधले माओरी आणि सामोअन पुरुष उभे केले. लोथलोरियनच्या वनात तर चक्क सारंगी आहे! ती ओळखू आली तेव्हा मी थिएटरात खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. तिथल्या एल्फ लोकांचं वय हजारो वर्षांचं, आणि गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वाद्य मला तरी माहीत नाही. निवड अचूक होती.

त्यानंतर वाद्यांकडे बघायची माझी रीतच बदलली. जव्हारकडे तारपा पाहिला: वाळवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, जोडांना मेण. ज्या रानात तो वाजवणारी माणसं राहतात, त्या रानातच तो तयार होतो. गोव्याच्या घुमटाचं अंग मातीच्या घटाचं. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत, आणि घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर बकरीचं आलं. जनावर बदललं की नादही बदलतो. देशाचा कायदा असा थेट वाद्याच्या तोंडापर्यंत पोचतो.

म्हणून माझ्या मिठाच्या देशाला खरोखर संगीत देऊ लागले, तेव्हा आधी सतार, व्हायोलिन, पेटी सगळं बाजूला केलं. झाडच नाही तर लाकूड कुठून येणार? राहिले शंख, मातीचे घट, माशाचं कातडं, आणि भरतीबरोबर वाहून आलेला एखादा ओंडका. तो ओंडका इतका दुर्मिळ, की त्यातून कोरलेला एकच ढोल साऱ्या देशात आहे आणि तो फक्त मयताला वाजतो. ताल ठरला फळी ओढण्याच्या श्वासावरून, लांब आणि आखूड असा आळीपाळीने. बायकांचे सूर खालचे ठेवले, कारण खाऱ्या वाऱ्यात वरचा सूर फाटतो. एवढं ठरल्यावर चाली शोधाव्या लागल्या नाहीत.

हल्ली कल्पित जग म्हटलं की तेच जाड कोरस आणि तेच गडगडणारे नगारे ऐकू येतात. त्यातून राज्य कुणाचं ते कळतं, पण तिथे राबतं कोण ते कळत नाही. मला हे संगीत अपुरं वाटतं, आणि ते देणाऱ्यांत गुणी मुलं आहेत म्हणून जास्तच वाईट वाटतं.

तुम्ही असं एखादं जग रचत असाल, तर कीबोर्ड उघडण्याआधी एवढं लिहून काढा: तिथे काय पिकतं, कुठलं जनावर मारायला बंदी आहे, तान्ह्याला कोण निजवतं, मेलेल्याला कोण रडतं. मग त्या रडणाऱ्या बाईला पहिलं गाणं द्या.