पावसापुरतं एका जागी

बाबांना आदल्या रात्रीच दवाखान्यात नेलं असतं तर? चार वर्षं हा प्रश्न उशाशी घेऊन मी रात्री अडीच-तीनला जागा व्हायचो. त्याच्या मागून बाकीचे यायचे. डॉक्टरांना तेव्हा नीट का विचारलं नाही, भावाला तसं का बोललो. दिवसा कामात निभायचं. रात्री मात्र दाणा असो-नसो, जातं फिरत राहायचं.

गेल्या आषाढात आठवडाभर लोणावळ्याला कैवल्यधामात राहिलो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था काढली. त्याआधी बडोद्यात, उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासलं होतं. योगावर त्यांची अपार श्रद्धा होती, आणि तरीही त्यांनी तो मोजून पाहिला. मला हे फार मोठं वाटतं. म्हणून मीही मोजायला बसलो. डोळे मिटून अर्धा तास बसायचं आणि श्वासावरचं लक्ष सोडून मन किती वेळा बाबांच्या खोलीत गेलं, ते बोटांवर धरायचं. पहिल्या दिवशी २९ वेळा. चौथ्या दिवशी ३१. मला रडूच आलं. शिकवणाऱ्या बाईंना आकडा सांगितला, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे ३१ वेळा परत आलात की!"

त्या दुपारी लोकलने मळवलीला उतरलो आणि द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाज्याच्या लेण्यांकडे चालू लागलो. दोन्ही बाजूंना भातलावणी चालली होती. पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधलेल्या बायका वाकून चिखलात रोपं खोचत होत्या. पाऊस इतका, की लेण्यांच्या पायऱ्यांवरून ओढा वाहत होता.

भाज्याची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत. पण मी रेंगाळलो तो विहारातल्या एका खोलीशी. जेमतेम एका माणसाची खोली, आत दगडातच कोरलेला झोपायचा ओटा. एरवी भिक्खूने गावोगाव हिंडायचं, एका जागी रुजायचं नाही. पावसाचे तीन महिने मात्र त्याने थांबायचं. पावलांखाली कोवळी पिकं तुडवली जातात, बारीक जीव मरतात, म्हणून हा वर्षावास. हिंडणं वाईट असं कुणी म्हटलं नव्हतं. पावसापुरतं एका जागी राहायचं, इतकंच.

मी चार वर्षं मनाला कायमचं बांधू पाहत होतो. एवढं तर भिक्खूंकडूनही कुणी मागितलं नव्हतं.

त्या ओट्यावर पडलेल्या माणसालाही मागे सोडलेलं घर आठवत असेल. बाहेर धो धो पाऊस, जायला वाट नाही. आठवण आली तर तिला बसू देण्यावाचून तो तरी काय करणार?

समोरच्या डोंगरात कार्ल्याची लेणी. तिथल्या शिलालेखात त्या जागेचं नाव वलुरक असं आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने, तिथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिल्याची नोंद त्यात आहे. कोणत्याही पंथाचे असोत, सगळ्यांसाठी. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं, तरी त्या गावाचं दान चालू राहिलं. तसा हुकूम मामाळच्या अमात्याला गेला. मामाळ म्हणजे आपलं मावळ. कुणाला तरी शांत बसता यावं म्हणून इथल्या एका अख्ख्या गावाने राबायचं, हे वाचल्यापासून माझं बसणं मला एकट्याचं वाटत नाही. मी पहाटे दार लोटतो तेव्हा बायको कुकरसुद्धा लावत नाही, अर्धा तास थांबते. तेही दानच.

आता रोज अर्धा तास बसतो. उरलेला दिवस मनाने हवं तिथे हिंडावं. बाबांचा प्रश्न येतो. त्याला उत्तर नाही, आणि ते मी आता शोधत नाही. तो येतो, शेजारी बसतो, मी श्वासाकडे वळतो. आठवड्यातल्या चार-पाच रात्री सलग झोप लागते.

तुमच्याही उशाशी असा एखादा प्रश्न असेल, तर पावसात भाज्याला जा. मळवलीहून पायी अर्धा तास लागतो. त्या खोलीच्या उंबऱ्याशी थोडा वेळ बसा.