पाण्याच्या नगरीचे शेजारी

आम्स्टरडॅम शहर पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा तेथील कालवे पाहूनच परत येतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. १६१३ सालापासून एकाबाहेर एक अशा अर्धवर्तुळांनीं खणीत नेलेले ते कालवे, त्यांच्या कांठचीं अरुंद व उंच घरें, पाण्यावर वांकलेले वृक्ष हें सारें पाहण्याजोगेंच आहे. २०१० सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली ती उगीच नव्हे. परंतु या नगरीचे कांहीं शेजारी वेशीबाहेरच्या पाण्यांत आणि कुरणांत राहतात. त्यांची गांठ घेतल्यावांचून माणूस व पाणी यांचा येथील संसार पुरता कळत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. आम्ही चौघें, त्यांत सत्तरी उलटलेल्या आमच्या काकू व दहा वर्षांचा पुतण्या, मे महिन्यांतले चार दिवस या पक्षी-शेजाऱ्यांकडे जाण्यांत घालविते झालों, त्याची हकीकत येथें देत आहों.

पक्षी पाहण्यासाठीं या देशांत ठिकठिकाणीं लांकडी खोल्या उभारल्या आहेत. डच भाषेंतील त्यांच्या नांवाचा अर्थ ‘पक्षी पाहण्याची झोपडी’ एवढाच आहे. आपल्याकडील रानचे जाणकार ज्यास ‘लपण’ म्हणतात, तोच हा प्रकार. आंत एक बांक, समोरच्या भिंतींत आडव्या अरुंद फटी, आणि झोपडीकडे येणाऱ्या वाटेस बोरूचा कूड. हेतु हा कीं, येणाऱ्याची हालचाल पाण्यावरून दिसूं नये. आंत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. पुतण्यानें पहिला बगळा पाहून हर्षानें आरोळी ठोकली, तेव्हां शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थानें ओठांवर बोट ठेविलें आणि लगेच आपली मोठी दुर्बीण त्याच्यापुढें सरकविली. लपणाची सारी शिस्त त्या दोन हालचालींत आली. आपण येथें नाहींच असें समोरच्या जगास वाटूं द्यावें, आणि मग जें दिसेल तें शेजाऱ्यासही दाखवावें.

पहिल्या दिवशीं आम्ही शहराच्या आग्नेयेस सुमारें २० किलोमीटरांवर असलेल्या नार्डरमेर या सरोवराकडे गेलों. हें उथळ सरोवर उपसून तेथें शेतें करण्याचा उद्योग पूर्वीं दोनदां झाला, आणि दोन्ही वेळां पाणी परत आलें. १९०४ सालीं मात्र त्यावर निराळेंच संकट आलें. वाढत्या शहराचा केरकचरा टाकून हें सरोवर बुजवावें अशी योजना आम्स्टरडॅमच्या नगरपालिकेपुढें आली. आज सुंदर म्हणून जगभर वाखाणल्या जाणाऱ्या नगरीस आपला उकिरडा दुसऱ्याच्या अंगणांत हवा होता! या योजनेविरुद्ध लेखणी उचलणारांत याकोबुस थैसे हे एक शाळामास्तर प्रमुख होते. योजना अगदीं थोड्या मतांनीं फेटाळली गेली. परंतु आज टळलेलें संकट उद्यां पुन्हां येईल हें ओळखून थैसे व त्यांचे स्नेही एली हैमान्स, हेही शिक्षकच, यांच्या पुढाकारानें १९०५ सालीं निसर्गरक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली, आणि १९०६ सालीं तिनें सरोवर विकत घेतलें. त्या देशांतील अशा प्रकारची ही पहिली राखीव जागा होय.

सरोवराच्या मधून १८७४ सालापासून आगगाडी धांवते. गाडी खडखडत गेली तरी वृक्षांवर घरटीं करून बसलेले पाणकावळे हालले नाहींत. आम्हीं मात्र वाटेवर थोडा पाय आपटतांच बोरूंतून एक जांभळा बगळा उठला. गाडीची त्यांस संवय झाली आहे, माणसाची नाहीं, हें पाहून आम्ही विचारांत पडलों.

थैसे गुरुजींची आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल. बिस्किटें करणाऱ्या एका कारखान्यासाठीं त्यांनीं १९०६ सालापासून ऋतु, कुरणें, वाळूचे डोंगर अशा विषयांवर पुस्तकें लिहिलीं. बिस्किटांच्या पुड्यांबरोबर रंगीत चित्रें मिळत; तीं जमवून मुलांनीं पुस्तकांतील रिकाम्या चौकोनांत चिकटवावयाचीं. १९१२ सालचें पुस्तक याच सरोवरावर होतें. ज्या घरांत निसर्गशास्त्राचा ग्रंथ कधीं आला नसता, त्या घरांत चहाच्या वेळीं पक्ष्यांचीं नांवें पोंचलीं. सरोवर विकत घेणें हें काम एकदांच झालें. तें राखावेंसें वाटणारी पिढी घरोघर तयार करणें हें काम त्याहून मोठें होतें.

दुसऱ्या दिवशीं मध्यवर्ती स्टेशनाच्या मागून सुटणाऱ्या फुकट तरींतून सायकलींसह पलीकडे गेलों, आणि वाटरलंड नांवाच्या सखल मुलखांत शिरलों. काकूंसाठीं तीन चाकांची सायकल भाड्यानें मिळाली. डुर्गरडॅम गांवापासून बांधावरून चालतांना उजव्या हातास सरोवर व डाव्या हातास कुरणें, आणि सरोवराचें पाणी कुरणांहून वरच्या पातळीस, असा विलक्षण देखावा दिसतो. १९१६ सालच्या जानेवारींत हे बांध फुटून मुलूख बुडाला होता. पुढें १९३२ सालीं झायडर झी या उपसागराच्या मुखाशीं मोठा बांध घालण्यांत आला, आणि खारें पाणी हळूहळू गोडें झालें.

या कुरणांचा मानकरी म्हणजे ‘ग्रुटो’. त्याच्या ओरडण्यावरूनच हें नांव पडलें. लांब सरळ चोंच, तांबूस मान, उंच पाय. आपल्या नांदूर मधमेश्वरास हिवाळ्यांत दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा याच जातीचा. मात्र आपले पाहुणे आशियांतून येतात आणि हे पक्षी हिवाळ्यांत पश्चिम आफ्रिकेंतील भातखाचरांकडे जातात. २०१५ सालीं डच लोकांनीं यास आपला राष्ट्रीय पक्षी निवडलें. परंतु १९६०च्या सुमारास त्यांच्या लाखाहून अधिक जोड्या तेथें वीण करीत. आज त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरल्या आहेत. त्यांस कोणी मारीत नाहीं. अधिक दूध हवें म्हणून कुरणांतलें पाणी उतरविलें, नाना फुलांच्या गवताऐवजीं एकाच जातीचें गवत लाविलें, आणि तें लवकर व वारंवार कापूं लागले. ग्रुटो घरटें जमिनीवर करतो. पिलें अंड्यांतून निघतांच स्वतः किडे टिपूं लागतात. त्यांना उंच गवत हवें, आणि नेमक्या त्याच दिवसांत गवतावर यंत्र फिरतें.

यावर उपाय म्हणून कित्येक शेतकरी सरकारी मोबदला घेऊन जूनच्या मध्यापर्यंत कापणी लांबवितात. अशा एका शेताच्या फाटकाशीं उभा असलेला शेतकरी आम्हांस म्हणाला, “पैसे मिळतात हें खरें, पण या जून गवतावर गाईंचें दूध उतरतें. दूध उतरलेलें पाहणें माझ्या वडिलांना जमलें नसतें.” राष्ट्रीय पक्षी निवडण्यास एक मत पुरतें, तो राखण्यास कोणाचें तरी दूध उतरावें लागतें.

चौथ्या दिवशीं फ्लेवोलंड प्रांतांत गेलों. हा मुलूख समुद्राच्या तळाशीं होता. त्याचा दक्षिण भाग १९६८ सालीं कोरडा झाला. कारखान्यांसाठीं योजिलेला एक सखल तुकडा तसाच पडून राहिला, तेथें दलदल झाली, आणि बोरू खाणारे कलहंस हजारोंनीं उतरले. हेंच ओस्टफार्डर्सप्लासन. पुढें तेथें रानटी वळणाचे गाई-बैल, घोडे व हरणें सोडलीं, आणि माणसानें हात आंखडून निसर्गास आपलें काम करूं द्यावें असें ठरविलें. पुष्कळ साधलें; २००६ सालीं पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडानें तेथें घरटें केलें. पण कुंपणामुळें जनावरांस बाहेर जाण्यास वाट नव्हती. २०१७-१८च्या हिवाळ्यांत तीन हजारांहून अधिक जनावरें गेलीं. उपासमारीचे हाल नकोत म्हणून त्यांपैकीं बहुतेकांस गोळी घालण्यांत आली. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेंकूं लागले, मोठा वाद माजला, आणि शेवटीं जनावरांची संख्या मर्यादेंत ठेवण्याचें ठरलें.

लपणांत बसून आम्हीं हळू आवाजांत हाच वाद घातला. निसर्गांत मरण असतेंच, तें पाहवत नाहीं म्हणून ढवळाढवळ करूं नये, असें आमच्यांतल्या एकाचें म्हणणें. काकूंनीं दुर्बीण खालीं ठेविली आणि म्हणाल्या, “दावणीस बांधलेल्या जनावरास वैरण घालावी लागते. दावें लांब केलें म्हणून तें रान होत नाहीं.” यावर उत्तर कोणास सुचलें नाहीं, आणि आम्हांस तर अजूनही सुचलेलें नाहीं.

कारण विचार करूं जातां या साऱ्या मुलखाचें पाणीच माणसाच्या दावणीस बांधलेलें आहे. पंप थांबले तर कुरण राहत नाहीं, आणि पाणी फार उपसलें तर पक्षी राहत नाहीं. आपलें नांदूर मधमेश्वरही गोदावरीवर बंधारा घातला म्हणून झालेलें जलस्थान आहे. २०२० सालीं त्यास महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. तेथेंही पाणी माणसानेंच अडविलें आहे. अशा ठिकाणीं ‘आमचा संबंध नाहीं’ असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. लपणांत बसल्यावर माणसानें आपला आवाज व आपली सांवली लपवावी हें योग्यच. पाण्याचा हिशेब मात्र त्यानें उघड्यावर, रोजच्या रोज ठेविला पाहिजे. आमच्या पुतण्यानें पाहिलेल्या पक्ष्यांची यादी केली आहे, ती चोवीसांवर गेली. येत्या हिवाळ्यांत तीच वही घेऊन त्यास नांदूर मधमेश्वरास न्यावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे.