आठ बाइटांचा पंचनामा

2023 च्या खरिपात राज्यात पीकविमा एक रुपयात झाला आणि मेहकर तालुक्यातल्या आमच्या सेवा केंद्रासमोर दिवस उजाडायच्या आत चपलांची रांग लागू लागली. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र. एकेक कागद स्कॅन करायचा आणि पोर्टलवर चढवायचा. मुदत सुरुवातीला 31 जुलैची. ऐन त्या गर्दीत माझ्या लॅपटॉपनं एक खोडी सुरू केली. पोर्टल उघडायचं, नाव-गाव भरून व्हायचं, पण कागद चढवायला घेतला की चक्र नुसतं फिरत राहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जात होते, पिंगला उत्तर येत होतं, कोपऱ्यातलं चिन्ह नेट जोडलेलं असल्याचं सांगत होतं. समोर बसलेला शेतकरी विचारायचा, "भाऊ, काऊन थांबलं?" मी लॅपटॉप रिस्टार्ट करायचो. मग तासभर सगळं सुरळीत.

लाइट जाऊन आली की हे हमखास व्हायचं, म्हणून सगळ्यांचा संशय लाइटीवर. इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, फायबरचा सिग्नल मोजला, चांगला निघाला. "लॅपटॉपला फॉरमॅट मारा," असं सांगून तो गेला. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर ठरलेलं उत्तर आलं: अपडेट करा, नेटवर्क रिसेट करा, तरीही अडचण आली तर लाइन देणाऱ्याला विचारा. दोन्ही दारांवर दुसऱ्या दाराचा पत्ता लिहिलेला.

पण तेव्हा माझा निम्मा धंदाच नुकसानीच्या सूचना भरण्याचा. पीक गेलं तर विमा कंपनीला 72 तासांत कळवावं लागायचं आणि "सोयाबीन गेलं हो" एवढ्यानं भागायचं नाही. गट कोणता, नुकसान कशानं, कधी, फोटो कुठे, हे सगळं द्यावं लागायचं. पाहणीला येणाऱ्याला बांधावर उभं राहून तेच दिसायला हवं असायचं. ठरवलं, या दोषाचाही असाच पंचनामा करायचा.

मुदत संपून गर्दी ओसरल्यावर बसलो. लाइट गेली की मी नेमकं काय करतो, ते आठवून पाहिलं. राउटर इन्व्हर्टरवर असतो, तो चालूच राहतो. मी बॅटरी वाचवायला लॅपटॉपचं झाकण मिटतो. मग लाइट असतानाच झाकण मिटलं, थोड्या वेळानं उघडलं आणि एक मोठी फाइल चढवून पाहिली. अडकली. पुन्हा केलं, पुन्हा अडकली. लाइटीचा काही संबंध नव्हता. लॅपटॉप झोपेतून उठला की दोष जागा होत होता.

उरला प्रश्न, लहान गोष्टी जातात आणि मोठ्या का अडतात? इथरनेटवर डेटाच्या एका पाकिटात 1500 बाइट मावतात. पण आमची जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन राउटर लाइन जोडतो. त्या पद्धतीचे 8 बाइट प्रत्येक पाकिटात जातात, आपल्या वाट्याला उरतात 1492. याहून मोठं पाकीट आलं आणि त्याचे तुकडे करायची मुभा नसली, की राउटरनं पाठवणाऱ्या संगणकाला उलट सांगायचं, 'मावत नाही, लहान करून पाठव,' आणि संगणकानं तो निरोप ऐकायचा. हा नियम 1990 पासून लिहिलेला आहे, आरएफसी 1191 मध्ये. पिंगनं मोजलं. 1464 बाइटांचा पिंग गेला, कारण शीर्षकाचे 28 धरून तो बरोबर 1492 होतो. 1472 चा अडला. लाइन नियमानं वागत होती.

मग वायरशार्क लावून येणारी-जाणारी पाकिटं टिपली. झोपेआधीच्या नोंदीत राउटरचा निरोप येताच लॅपटॉप पाकिटं लहान करत होता. झोपेनंतरच्या नोंदीत निरोप येत होता, तरी तेच 1500 चं पाकीट पुन्हा पुन्हा निघत होतं. शेवटचा पुरावा म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवलं. तोच लॅपटॉप, तीच केबल. झाकण मिटलं, उघडलं, फाइल बिनबोभाट चढली. म्हणजे यंत्रही बरं होतं.

हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या कंपनीला पाठवण्यापूर्वी एक काम मोठं होतं. कंपनीचं तपासणीचं साधन लॅपटॉपवरची माहिती आपणहून गोळा करतं, आणि माझ्या फाइलींची नावंच मुळी शेतकऱ्यांच्या नावांची आणि गट नंबरांची. लोकांनी कागद विम्यासाठी दिले होते, परदेशातल्या इंजिनिअरसाठी नव्हे. म्हणून वेगळं युजर खातं काढलं, कोऱ्या चित्राची मोठी फाइल केली आणि सगळ्या नोंदी तिच्यावरच नव्यानं घेतल्या.

अहवाल इंग्रजीत लिहिला. करायच्या कृती क्रमानं, काय व्हायला हवं, काय होतं, सोबत दोन नोंदी. काही दिवसांनी तो 'आमच्याकडे दोष दिसत नाही' या शेऱ्यासह बंद झाला. राग आला, पण शेरा खोटा नव्हता. त्यांच्या ऑफिसातल्या लाइनीवर 1500 चं पाकीट अख्खं जात असणार, मग निरोपाची वेळ येतेच कुठे? मी पुन्हा लिहिलं: वाटेत एक राउटर ठेवा, त्याची मर्यादा 1492 करा आणि मग झाकण मिटा. या वेळी उत्तर माणसानं लिहिलेलं होतं. दोष त्यांना दिसला होता.

पुढे कधीतरी महिन्याच्या अपडेटबरोबर दुरुस्ती आली. माहितीपत्रात तिच्या वाट्याला एकच ओळ होती. तोवर चिखली, लोणारकडच्या केंद्रचालकांना मी हातानं 1492 ची मर्यादा घालायला शिकवलं होतं. त्यांतले काही याच खोडीनं बेजार होऊन रिस्टार्टवर दिवस काढत होते. रिस्टार्टनं काम निघतं, म्हणून कोणी कळवत नाही, आणि कळवत नाही म्हणून कंपनीच्या लेखी तो दोष नसतोच. आमच्या ग्रुपवर पूर्वी "नेट चालत नाही" एवढाच मेसेज पडायचा. परवा लोणारहून आला: "1464 जातो, 1472 जात नाही, राउटर नवीन आहे, फोटो जोडलाय." त्याला उत्तर द्यायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.