साडेछत्तीस

दहावीच्या भूमितीचे पेपर तपासत होते. वर्तुळाची त्रिज्या 3.5 सेंमी, क्षेत्रफळ काढा. उत्तर 38.5. सातव्या पेपरात 36.5 आलं. अर्धा गुण कापून पुढे गेले. आठव्यात 36.5. नवव्यात तेच. दहाव्यात, अकराव्यातही तेच. लाल पेन हातातच राहिलं.

बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच, त्यांवरून काही कळत नाही. कॉपी कळते ती चुकीवरून. कोणी हातचा विसरतो, कोणी पाढ्यात अडखळतो. चूक ज्याची त्याची असते. पाच जणांचा पाय एकाच आकड्यावर कसा घसरेल? गाईडातून उतरवलेल्या उत्तरात तर ‘आकृती 4.2 पाहा’ हेही जसंच्या तसं येतं, आणि पेपरात आकृती नसतेच.

बुद्धिबळात संशय येतो तो चुका होत नाहीत म्हणून. बफलो विद्यापीठातले केनेथ रेगन खेळाडूच्या चाली संगणकाच्या चालींशी ताडून पाहतात. त्या ताकदीचा माणूस जेवढा चुकायला हवा त्याहून फारच कमी चुकला, की प्रश्न उभा राहतो. 2022 मध्ये सेंट लुईसला मॅग्नस कार्लसन हान्स नीमनकडून हरला आणि स्पर्धा सोडून गेला, तेव्हा नीमनवर लबाडीचा संशय आला. ऑनलाइन खेळताना पूर्वी लबाडी केल्याचं नीमनने कबूल केलं. पटावरच्या डावांत मात्र रेगनना काही सापडलं नाही. तरी 19 वर्षांच्या त्या पोराला संशय चिकटला तो चिकटलाच. मला याचीच भीती वाटते.

म्हणून ते पाच पेपर पुन्हा समोर घेतले. चौघांनी सूत्र लिहून थेट 36.5 मांडलं होतं. एकाच्या शेवटच्या पानावर फिकट पेन्सिलीत कच्चं काम होतं. 11 गुणिले 3.5, खाली 35, त्याखाली 3.5 च्या जागी 1.5, तेही एकदा खोडून पुन्हा लिहिलेलं. या लेकराने गणित स्वतः सोडवलं होतं. मुलगा की मुलगी, तेही ठाऊक नाही. त्याने आपणहून दाखवलं की बाकीच्यांनी मान वळवून पाहिलं, हे पेपर सांगत नाही.

पाचही पेपर नियामकांकडे देणं भागच होतं. चौकशीला पाचही जणांना बोलावणार, बहुधा आईबापांसकट. मी शेऱ्यात लिहिलं, ‘या पेपरात कच्चे काम शेवटच्या पानावर आहे, कृपया अवश्य पाहावे.’

‘‘बाई, एवढं कशाला लिहिलंत?’’ नियामक म्हणाले.

मी ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.